प्रथमपुरुषी एकवचन

कातानियात, मासळीबाजारामागच्या दवाखान्यात
दुसऱ्या मजल्यावर, दर मंगळवारी चार वाजता
मी इसोकेन होते.

नियमच आहे तसा. दुभाषिणीनं
'ती म्हणते' असं म्हणायचं नाही.
'मी' म्हणायचं, आणि आवाज सपाट ठेवायचा.
मग मी म्हणते, मी बूट घालूनच झोपते.
मी म्हणते, अजून अकरा हजार युरो फिटायचेत.
मी म्हणते, खिडकी लावा, खाली गाडी थांबलीय.
जिभेला हाड नसतं, ते एक बरं.
असतं तर एव्हाना मोडलं असतं.

डॉक्टर फियामेत्ता चांगल्या आहेत.
तिची खुर्ची दार दिसेल अशी ठेवतात,
पाणी तिच्यादेखत ओततात.
एकदा त्यांनी विचारलं,
'आघात' याला तुमच्या एदो भाषेत काय म्हणाल?
मला शब्द सापडेना. म्हटलं,
माणूस पडून कधीच उठलेला असतो
पण त्याच्या अंगात पडणं चालूच राहतं, तसं काहीतरी.
इसोकेन म्हणाली, एवढं लांब?
आणि हसली. ते भाषांतराशिवाय पोचलं.

निघायच्या आदल्या रात्री, बेनिन सिटीत,
एका बाईनं तिची नखं काढून घेतली होती,
डोक्यावरचे केस, लाल फडक्यात गाठ मारून.
पैसे फिटायच्या आत तोंड उघडलंस
तर वेड लागेल.
नखशिखांत गहाण.
डॉक्टर वहीत 'वेड' लिहीत नाहीत, 'भीती' लिहितात.
मी गप्प बसते.
माझी आईही त्याच गावची. मला ठाऊक आहे,
ते फडकं कुठल्यातरी फळीवर आहेच.

मंगळवारी रात्री नवरा विचारतो, जेवलीस का?
मी 'मी' म्हणायला जाते
आणि अडखळते,
हा कोणाचा आहे ते बघायला.
मग बूट काढते. दोन्ही.
पलंगाखाली नाही, दाराशी ठेवते.

फेब्रुवारीत तिनं टेबलावर काडेपेटी ठेवली.
आत काड्या नव्हत्या. तीन वर्षांची नखं होती,
इटलीत कापलेली, एकही कोणाच्या हाती लागू न दिलेली.
डॉक्टरांनी पेटीला हात लावला नाही.
खूप वेळानं इसोकेननं नेलकटर मागितलं.
खोलीत फक्त तो आवाज, टक्, टक्,
आणि खाली कोणीतरी ओटे धूत होतं.

दहा ताजी नखं, कागदावर.
नऊ तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकली,
एकेक करून, जपून, जणू त्यांना लागेल.
दहावं खिशात ठेवलं.
काडेपेटीही उचलली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.
कोणी काही बोललंच नव्हतं.
मी काय सांगणार होते?