वरचं पाणी

मार्च सरतोय. मेडिकल चौकातल्या आमच्या लॅबमध्ये
कूलरपेक्षा सेंट्रिफ्यूज जास्त घरघरतं.
एकोणीस वर्षं मी रक्त फिरवतोय.
पेशी तळाला बसल्या, तपासणी झाली,
की वरचं पिवळं पाणी बेसिनमध्ये.
धूळ आहे ती, म्हणायचे सर.

धूळ नव्हती.
प्रत्येक पेशी स्वतःचाच चिमटा काढून
एवढीशी पिशवी करते, सोडते प्रवाहात.
थकलेल्या तांबड्या पेशी सोडतात,
प्लेटलेट तर मूठमूठ उधळतात,
आणि गाठही.
टपाल एकच, वाटही तीच.
गाठीचं पाकीट यकृताच्या दारात येतं,
यकृत ते घेतं घरचं समजून.
आत मजकूर: जागा करून ठेव, येतोय.

काल कळमेश्वरच्या चंद्रभागा ठवकर
बाही सावरत म्हणाल्या,
"काय दिसून राह्यलं वो भाऊ, माह्या रक्तात?"
चिठ्ठ्या, मी बोलून गेलो.
"कोनाच्या?"
तुमच्याच.
त्या खळखळून हसल्या.
"मले तं लिहाले येतच नाही!"

जाताना टेबलावर एक संत्रं ठेवून गेल्या.
दुपारी फोडीचा पापुद्रा सोलला.
आत रसाच्या पिशव्या, खेटून बसलेल्या,
एकही फुटलेली नाही.
खाल्लं नाही लगेच.

त्यांची नळी उणे ऐंशीत ठेवली, नाव दोनदा तपासून.
मग बेसिनशी उभा राहिलो.
इथून पाइप, पाइपातून नाला, पुढे नाग नदी.
कुणाकुणाचं काय काय
न वाचताच सोडलं मी.
हात धुतले.
नळ जरा हळूच उघडला.