एकधारी

आदल्या रात्री मम्मी कांदा चिरत होती.
तिचं अमृत नांदेडचं.
परसिन कौर, तेव्हा नवी नवरी,
ट्रकच्या केबिनमधून नेलेली, यवतमाळमार्गे.
पुरुषांच्या बाट्यात खंडा फिरला, दुधारी.
बायकांच्या बाट्यात किरपाण.
वाणी तीच? तीच.
बताशे? तेच.
मग फरक काऊन?
तिनं सुरी उलटी करून पाठ दाखवली :
"ही बाजू बोट ठेवायला असते."
आणि पुन्हा कांदा.

टेका नाक्याच्या गुरुद्वाऱ्यात आज
कूलरच्या गवताचा ओला वास,
बाहेर कामठी रोड वितळतोय.
पाच प्यारे निळ्या बाण्यात.
पाण्यात खंडा, कर्र कर्र,
तळाला करपलेलं पातेलं खरवडावं तसा.
बाटा एकच. आम्हा सगळ्यांना एकच.

उजवा गुडघा जमिनीला, डावा वर.
शेजारी अंगद, त्याच्याही पायाला मुंग्या.
पाच ओंजळी तोंडात,
पाच शिंतोडे डोळ्यांवर,
पाच केसांत.
मी मोजत होते.
त्याला जितके, मला तितकेच.

(सातवीत खोब्रागडे बाईंनी विचारलं होतं,
बाप सिंग, तू कौर,
मग तुमचं आडनाव कोणतं गं?
मी म्हटलं, हेच.
त्यांनी रकाना रिकामा सोडला.)

पाणी गोड होतं, मागून लोखंड.
म्हणतात, पहिल्या वेळी
बताशे एका बाईनं टाकले होते.
उरलेलं आम्ही त्याच बाट्यातून प्यायलो,
अंगदनंतर मी,
माझ्यानंतर वाडीचा एक वेल्डर,
त्याच्या मिशीचं पाणी परत बाट्यात.
कुणी काठ पुसला नाही.

निघताना ग्यानीजी अंगदच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,
रेहत नीट पाळलीस तर कधी तुलाही पाचांत बसवू.
मग माझ्याकडे वळले.
लंगरमध्ये पोळ्यांना हात कमी पडतात, बेटा.
मी हो म्हटलं.
हो म्हणायला काय लागतं.

मम्मी जोडाघरात बसली होती, सेवेला.
मांडीवर अंगदचे बूट.
"कसं होतं?"
गोड. थोडं गंजाचं.
"माझंही तसंच होतं."
फडकं थांबलं.
"पाचांत बाई होती?"
नाही.
तिनं दुसरा बूट पुसला,
मग माझी चप्पल घेतली,
तुटका बंद अंगठ्यानं दाबून पाहिला.

"मोजत जा," म्हणाली.