चाळीस लिटर

किसुमुत गाडी धुवायची म्हणजे
ती सरळ लोल्वेत उतरवायची.
नकाशावर त्या सरोवराला एका राणीचं नाव आहे,
आमच्या घरात ते कधी कुणी घेतलं नाही.
मटाटू आसापर्यंत पाण्यात उभे,
दारं सताड, स्पीकर चालू,
पोरं टपावर बसून साबण ओततायत,
आणि जलपर्णीच्या कडेकडेने
तेलाची इंद्रधनुष्यं.

मीही त्यातलीच. अकरा वर्षं.
गाडीमागे शंभर शिलिंग, पाणी फुकट.

मग एका रविवारी आईने तिलापिया तळला.
पहिला घास तोंडातच धरून
तिने माझ्या हातांकडे पाहिलं.
बोलली काहीच नाही.
घास तसाच गिळला.
माशाला डिझेलचा वास होता.

आता माझी जागा चढावर आहे,
टायरवाल्या बारासाच्या भिंतीला लागून.
तीन खड्डे. पहिल्यात वाळू, दुसऱ्यात कोळसा,
तिसऱ्यात लव्हाळी,
ती पगार मागत नाहीत.
गाडीवरून उतरलेलं पाणी खड्ड्यांतून फिरून
पुन्हा टाकीत येतं.
वर तरंगलेलं तेल ओपियो डब्याने काढतो.
ते विकत घेणारा माणूस
तीन महिने झाले, आलेला नाही.
मागे सात पिंपं उभी आहेत, झाकण लावून,
त्याची वाट पाहत.

"वापरलेलं पाणी? आणि वर दीडशे?"
ओलुओच मटाटूतून न उतरताच हसतो.
"खाली आख्खं सरोवर पडलंय, अडोंगो!"
पडलंय खरं.

सकाळी चारशे लिटर मोजते,
संध्याकाळी तीनशे साठ.
थोडं उन्हाने नेलं असेल,
थोडं फडक्यांनी,
वाटीभर त्या लंगड्या कुत्रीने.
पण चाळीस?
कुठेतरी पाणी मुरतंय, मी म्हणते,
आणि ओपियोला वाटतं
मी त्याच्यावरच संशय घेतेय.

गुरुवारी शववाहिका आली,
गावाकडच्या लाल चिखलाने खिडक्यांपर्यंत माखलेली.
मागच्या फळीला एक गुलाबी रिबन
टाचणीला अडकून राहिलेली.
ड्रायव्हरने बूट काढले आणि पायरीवर बसून
डोळे मिटले.
ओपियोने आपणहून रेडिओ बंद केला.
लाल पाणी पहिल्या खड्ड्यात
घाई न करता गेलं.

शनिवारी नवरीची पांढरी गाडी.
ओपियो पाईप हातात धरून थांबला.
"तेच पाणी आहे. सांगायचं का त्यांना?"
मी टाकीत वाकून पाहिलं.
माझाच चेहरा, बऱ्यापैकी स्वच्छ.
"धू," म्हटलं.
नवरीच्या मावशीने बोनेटवर बोट फिरवलं,
बोट उन्हात धरून न्याहाळलं,
आणि वीस शिलिंग जास्त दिले.

काल बारासाच्या बायकोने
भिंतीपलीकडून हाक मारून दाखवलं:
तिसऱ्या खड्ड्याच्या अंगाला, तिच्या बाजूला,
जमीन बारा महिने ओली.
तिथे तिने भाजी लावलीय,
तळहाताएवढी हिरवी पानं, चार ओळी.
"देवाचीच कृपा," ती म्हणाली.

चाळीस लिटर.

मी एक पान खुडलं, चुरगाळलं,
नाकाशी धरलं.
पानाचा वास पानासारखाच होता.
पण माझ्या नाकावर माझा भरवसा नाही.
पदराला पुसून दुसरं पान घेतलं
आणि उतारावरून घरी गेले.

आईने ते हातात घेतलंय.
अजून हुंगतेय.