अर्ध्या अंशाहून कमी

अहमदीच्या जुन्या कचेरीचं तळघर.
वर एक्कावन्न, खाली अठरा;
ऑगस्टातही मी इथे स्वेटर घालतो.
सहाशे बारा तबकड्या, करड्या डब्यांत,
आणि त्या वाचणारा ड्राइव्ह आता एकच उरलेला.
कुरियाकोस त्याला म्हातारा म्हणतो,
सुरू करण्याआधी त्याच्या पाठीवर हात ठेवतो.

काम सोपं. तबकडी सरकवायची,
खर्र, टक्, मग एक लांब श्वास.
एक बाजू झाली की उलटायची, भाकरीसारखी.
कधीकाळी वाळूत सोडलेले धक्के,
थरांनी परत धाडलेले त्यांचे आवाज,
निळ्या पट्टीवरून मुंगीच्या पावलांनी
नव्या घरी जातात.

रॉडेल नवा आहे. त्याला समजावतो:
नुसत्या चुंबकाचं इथे काही चालत नाही.
थंड तबकडीवर कितीही घास,
ती आपलं म्हणणं सोडणार नाही.
आधी लेझरने एक ठिपका तापवायचा,
केसाच्या रुंदीत सत्तर-ऐंशी मावतील एवढासा,
दोनशे अंशांपर्यंत.
तिथे तो आपली दिशा विसरतो.
तेवढ्यात चुंबकाने सांगायचं, वर. किंवा, खाली.
निवलं की पक्कं.

आणि वाचायचं कसं, मिस्टर परकार?

वाचताना तापवायचं नाही.
मंद उजेड टाकायचा
आणि परतताना त्याची मान कुठे कलली ते बघायचं.
अर्ध्या अंशाहून कमी कलते.
इकडे असली तर शून्य, तिकडे असली तर एक.

रॉडेल हसला. तुम्ही इंडियन लोक असंच करता, म्हणाला,
हो की नाही, मानेवरून कळतच नाही.

मला जरा उशिराच हसू आलं.
शुक्रवारी नजमा फोनवर म्हणाली होती, सगळं बरं आहे.
त्या ‘बरं’वरूनच कळलं
की पोराने कॉलेज सोडलं.

तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबरच्या तबकडीत
आकड्यांच्या नावांच्या हजार फायली
आणि एक बेवारस, चार किलोबाइटची.
इंग्रजी अक्षरांत मराठी:

आज वारा. पाठवले चाळीस दिनार. आईला चष्मा.
पाठवले तीस. चष्मा नको म्हणते.
आज हजेरीवाल्याने माझं नाव नीट उच्चारलं.
पाठवले पंचेचाळीस.
दिगंबर तोडणकर, रात्रपाळी, नव्व्याण्णव.

तोडणकर कोण, कुणालाच माहीत नाही.
कँटीनचा सुदानी आचारी तेवढा म्हणाला,
उंच माणूस. जाताना प्रेशर कुकर घेऊन गेला.

या यंत्राला पुसल्याशिवाय लिहिता येत नाही.
एक फेरी पुसण्याची, दुसरी लिहिण्याची.
इतक्या वर्षांत तोडणकरच्या आईवरून
ती पहिली फेरी गेली नाही,
जागा कधी कमी पडली नाही, एवढंच कारण.

फाइल यादीत नव्हती.
यादीबाहेरचं काही नेऊ नये,
वजदी साहेबांचा कागद आहे, शिक्क्यासकट.
नेली नाही.

बुधवारी म्हातारा बसला,
सहाशे सातव्या तबकडीवर, मधूनच.
कुरियाकोसने पुन्हा पाठीवर हात ठेवला. थोडा वेळ ठेवला.
मी अहवालात लिहिलं: वाचता आल्या नाहीत, सहा.

गुरुवारी चुरा करणाऱ्यांची गाडी आली.
त्यांच्या माणसाने मोजल्या, सहाशे अकरा.
मी म्हटलं, मी मोजल्यात, सहाशे बारा.
ऊन इतकं होतं की त्याने सही केली.

आता ती माझ्या गाडीत आहे, पुढच्या काचेखाली,
रुमाल, पार्किंगच्या पावत्या आणि अर्ध्या खजुराच्या डब्यासोबत.
वाचायला यंत्र नाही. शोधतही नाही.
दुपारी तिथे सत्तर अंश होतात.
विसरायला अजून एकशेतीस हवेत.
फहाहीलच्या सिग्नलला ब्रेक लावला
की डबीतल्या डबीत ती जराशी सरकते.