हातचा

बॅरोत वारा तिरका येतो.
आयरिश समुद्राचं मीठ काचेवर वाळतं
आणि काचेच्या आत मी
अकरा आकडी बेरीज दुसऱ्यांदा तपासते.
समोर ती पांढरी शेड, गावाहून उंच.
तिच्यात काय घडतंय ते गावाला माहीत आहे.
'ती बोट' म्हणतात. फार तर 'ते काम'.

माझ्या तक्त्यातही तो शब्द नाही.
पोलाद आहे, केबल आहे, रंगाचे सात थर आहेत,
कॅन्टीनचं कंत्राट आहे,
सल्लागारांना सल्ला देणारे सल्लागार आहेत,
पन्नास वर्षांपुढची महागाई आहे,
ती बोट मोडीत काढायचा खर्चही आहे,
बांधून व्हायच्या आधीच.
आणि ओळ क्रमांक ४११२:
गास्केट, तांब्याचं, तळहाताएवढं,
सोडनळीच्या झाकणाखाली बसणारं.

ते साऱ्या देशात एकटी एनिड फेल बनवते.
अल्व्हरस्टनच्या मागे, ओढ्याकाठी कारखाना,
माणसं पाच, त्यातला एक पुतण्या.
बाई शहात्तरची, गुडघे गेलेले.
मागच्या खेपेला दर होता एकोणीस पौंड.
यंदा माझ्याच पत्राच्या पाठीवर
पेन्सिलीने लिहून धाडलं: दोन हजार तीनशे.

मी कारण विचारायला गेले.
तिने चहा ओतला. म्हणाली,
"माझ्या दारातून एकोणीसला निघायचं,
वाटेत चार कंपन्यांकडे मुक्काम करायचं,
आणि तुमच्याकडे दोन हजार तीनशेला पोचायचं.
मी फक्त मधले मुक्काम गाळलेत."

मग बिस्किटांचा डबा पुढे सारून:
"ते वापरणार कधी?"
कधीच नाही, मी म्हटलं. न वापरणं हेच त्याचं काम.
"मग माझं गळलं की नाही, कळणार कसं?"
चाचणीत.
"चाचणीत नव्हे गं. खरोखर."

त्याला माझ्याकडे रकाना नव्हता.

रात्री तिचा करार वाचत बसले.
कलम सदतीस: युद्ध, पूर, भूकंप वगैरे झाल्यास
पुरवठादारावर दोष नाही.
वकिली इंग्रजीतून वाचता वाचता
मनात आपोआप उमटलं, अस्मानी-सुलतानी.
आणि थांबले.
अस्मानी तर आम्हीच बांधतोय, हप्त्याहप्त्याने,
आणि सुलतानीची सही शेवटच्या पानावर आहे.

शेजारच्या पोस्टलथ्वेटांच्या नातीला
शेडमध्ये वेल्डिंगची उमेदवारी लागली.
आजोबा कुंपणावरून केक घेऊन आले,
त्यांच्या हाताला अजून जुन्या भाजल्याचे डाग.
चार पिढ्या, म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं.
मी केक खाल्ला. दोन तुकडे.
माझ्याही घराचा हप्ता त्याच शेडमधून जातो.

अप्पा मिरजेच्या पतपेढीत कॅशियर.
पाटीवर बेरीज घालायचे आणि बजावायचे,
हातचा विसरलीस की सगळं गेलं.
हातचा हातात ठेवायचा नसतो,
पुढच्या घरात मिळवायचा असतो.
मंत्री भाषणात ज्याला मोठमोठी नावं देतात
ते मला नेहमी एवढंच ऐकू येतं:
हातचा राखून ठेवलाय.
पुढचं घर कोणाचं, अप्पा,
हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

आज एनिडचं खोकं आलं.
मागितले होते तीस नग.
मोजले. पुन्हा मोजले.
बत्तीस.
तळाशी पेन्सिलीची चिठ्ठी:
दोन जास्तीचे घातलेत.
हिशोबात धरू नकोस.