वरची बाजू

शहापुरात इराप्पा फ्रेमवाल्यानं
गुंडाळी सोडली, चार कोपऱ्यांवर
पट्टी, हातोडी, कात्री, चहाचा कप ठेवला.
"वर कुठली बाजू, बाई?"

मला काय ठाऊक.
एक गेरूचा चौकोन, दोन काळे फराटे,
कडेला हळद सांडावी तसं काहीतरी.

त्यानं चारी अंगांनी फिरवून बघितलं.
आतल्या पोराला कानडीत विचारलं,
पोरगा कानडीतच काही म्हणाला
आणि दोघं हसले.
"वडगावात मागावर धागा तुटतो ना,
तसं दिसतंय म्हणतो."

"तीस वर्षं देव लावले," इराप्पा म्हणाला,
"नवरानवरी लावली, गेलेली माणसं तर किती.
त्यांना वर असतं.
ह्याला असं करू की,
चारी बाजूंना कड्या ठोकतो.
वीस रुपये जास्ती पडतील."

दिले.

काल कंटाळा आला म्हणून फिरवून टांगलं.
पिवळं खाली आलं.
सोफ्यावर पेपर वाचत बसलेले मामंजी
मान वर करून बघत राहिले,
चष्मा पुसला,
काही न बोलता
जरासे बाजूला सरकून बसले.