नीळ

उजव्या डोळ्याची पट्टी सोडताना डॉक्टर रेगे म्हणाल्या,
थोडे दिवस सगळं निळसर वाटेल, घाबरू नका.
मला हसू आलं.
एकतीस वर्षं रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीत
शेड जुळवल्या मी.
माझ्या मानेच्या होकारावर टँकर सुटायचे.
निळसर म्हणजे काय, ते मला सांगतायत.

घरी आले. कोपरखैरणे, सेक्टर अठरा, दुपारचे तीन.
डावा मिटला: बेसिन पांढरं, पांढऱ्याच्याही पलीकडचं,
धार लावल्यासारखं.
उजवा मिटला: तेच बेसिन
चहात बुडवून काढलेलं.
पोरासारखा खेळ केला तासभर.
उजवा, डावा. उजवा, डावा.
मग कपाट उघडलं.

ह्यांचे शर्ट. सात उरलेत.
तुर्भ्याच्या बाजारात वजनकाट्यावर बसायचे,
पांढऱ्याशिवाय अंगाला लावलं नाही काही.
डाव्याने पाहिलं, पांढरे.
उजव्याने पाहिलं
आणि पलंगावर बसले.

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढून दिलं होतं.
भिंग पिवळं पडतं. एका दिवसात केसभरही नाही,
म्हणून कळत नाही.
मेंदू जमेल तेवढं पिवळं वजा करतो,
उरलेलं कपड्यांच्या नावावर टाकतो.
माझ्याही टाकलं.
दर रविवारी मला शर्ट पिवळट दिसायचे.
दर रविवारी बादलीत
नीळ, आणखी दोन थेंब,
आणखी दोन.

आणि हेही त्यांनीच सांगितलं:
डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या पेशी तीन जातींच्या,
त्यात निळ्याच्या सगळ्यात कमी, शंभरात पाच-सात.
ऐन मध्यावर, जिथून आपण सर्वांत बारीक बघतो,
सुईत दोरा ओवतो, समोरच्याचा चेहरा वाचतो,
तिथे निळ्याची एकही नाही.
ती जागा मेंदू शेजाऱ्यांकडून उसनं आणून भरतो
आणि आपल्याला पत्ता लागू देत नाही.

तेराव्याला काट्यावरचे घरत आले होते.
म्हणाले, वयनी, आमी सायबांना नीलकंठ म्हणायचो.
मला वाटलं, सोमवार करायचे, म्हणून.
भस्म लावायचे, म्हणून.
आज कळतंय. कॉलर.
नीळ शिवणीत साचते, दुमडीत साचते,
आधी गळ्याशी दिसते.

किती वर्षं? अकरा? बारा?
गोणी मोजणाऱ्यांच्या, चहावाल्याच्या, व्यापाऱ्यांच्या देखत
आभाळ घालून बसला माणूस
आणि घरी चकार शब्द नाही.
नाही, एकदा बोलले होते.
आरशासमोर, कॉलर चाचपत:
आज जरा जास्त झालीय का गं?
मी पोळी उलटत होते. म्हटलं,
रंगातलं मला सांगू नका. डोळे तपासून घ्या.
तर वाशीला जाऊन तपासून आले.
नंबर होता तोच.

गुरुवारी डावा डोळा.
तोवर हे सात शर्ट
एका बाजूने अजून पांढरे आहेत.
दोरीवर टाकलेत. खाडीकडून वारा येतोय,
बाह्या हलतायत.
मी उजव्यावर हात ठेवते,
काढते,
पुन्हा ठेवते.